घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा दवाखान्याचा खर्च: मुंबईत राहणाऱ्यांनी अ‍ॅडमिट व्हायच्या आधी काय काय करून ठेवायचं

आमच्या अण्णांनी जवळजवळ वर्षभर बीपीची गोळी अर्धी करून खाल्ली आणि घरात कोणालाच पत्ता नव्हता. गिरणीतून निवृत्त झालेला माणूस, ईपीएस-९५ ची म्हणजे पीएफवाली पेन्शन हातात किती येते ते ज्यांच्या घरी येते त्यांना माहितीये, किमान पेन्शन २०१४ पासून हजार रुपयेच आहे. मी दर महिन्याला पैसे देत होते तरी त्यांच्या डोक्यात हेच की पोरीच्या संसारातून किती काढायचं. एका रात्री चक्कर येऊन मोरीत पडले, कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी विचारलं गोळ्या नियमित घेता का, आणि अण्णा माझ्याकडे बघेनात.

त्यानंतरच्या तीन वर्षांत आई-अण्णांच्या आजारपणात जे शिकले ते सगळं इथे लिहितेय. बिल कमी करायची जी काही ताकद आपल्या हातात असते ना, ती पेशंट आत जायच्या आधी असते. एकदा आत गेला की आपण फक्त फॉर्मवर सह्या करत राहतो. म्हणून हे वाचताय तेव्हा घरात सगळे धडधाकट असतील तर फार चांगलं, आत्ताच सुरू करा.

आधी आधार आणि रेशनकार्ड बघा

पुढचं सगळं या दोन कागदांवर अडतं. आधारवर जन्मतारीख बरोबर आहे का, मोबाइल नंबर चालू आहे का बघा. आमच्या आईच्या आधारला माझ्या भावाचा जुना, बंद पडलेला नंबर होता, ओटीपी कुठे जाणार? आधार सेंटरवर जाऊन नंबर बदलून घ्या, त्यासाठी त्यांना स्वतःलाच घेऊन जावं लागतं, तेव्हा पावसाळ्याच्या आधी उरका.

रेशनकार्डाची गंमत अशी की लालबाग-परळमधल्या कितीतरी म्हाताऱ्यांची नावं अजून गावच्या कार्डावर आहेत, नाहीतर मुलाचं कार्ड वेगळं झालं तेव्हा आईचं नाव कुठेच राहिलं नाही. कार्ड साताऱ्याचं असो की रत्नागिरीचं, महाराष्ट्रातलं आहे म्हणजे राज्याच्या आरोग्य योजनेला चालतं, पण नाव त्यावर असायला हवं आणि आधारवरच्या नावाशी जुळायला हवं. 'सुलोचना' आणि 'सुलोचनाबाई' एवढ्याशा फरकावरून काउंटरवर माणसं परत पाठवलेली मी बघितलीयेत.

वय ७० च्या पुढे असेल तर वय वंदना कार्ड काढाच

केंद्राच्या आयुष्मान भारत आरोग्य योजनेत २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्यापुढच्या सगळ्यांना घेतलंय, त्यांना मिळणारं कार्ड म्हणजे हे वय वंदना, उत्पन्नाची अट नाही. फ्लॅट स्वतःचा आहे, मुलगा अमेरिकेत आहे, बँकेत एफडी आहे, तरी चालतं. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये, कॅशलेस. नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढचे असतील तर ते ५ लाख दोघांत मिळून असतात, प्रत्येकी नाही. प्रायव्हेट मेडिक्लेम असला तरी हे कार्ड मिळतं, फक्त केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएससारखी सरकारी सोय असेल तर दोन्हीपैकी एक निवडावं लागतं.

काढायचं कसं: मोबाइलवर आयुष्मान अ‍ॅप घ्या, लाभार्थी म्हणून लॉगिन करा, आधार नंबर टाका, ओटीपी किंवा चेहऱ्याने ई-केवायसी होतं, फोटो काढायचा, झालं. अ‍ॅप जमत नसेल तर योजनेतल्या हॉस्पिटलच्या काउंटरवर काढून देतात. अडलं तर १४५५५ वर फोन करा.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या नाहीतर नंतर मन खट्टू होतं. हे कार्ड अ‍ॅडमिट झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. डायलिसिस, केमोसारखे एका दिवसाचे उपचारही त्यात बसतात आणि डिस्चार्जनंतर १५ दिवसांपर्यंतची औषधं धरलेली आहेत. पण महिन्याच्या महिन्याला लागणाऱ्या शुगर-बीपीच्या गोळ्या, ओपीडीची फी, यातलं काहीच नाही.

सत्तरीच्या आतल्यांसाठी राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली तीच ही. आधी दीड लाखाची मर्यादा होती, आता ५ लाख आहे, आणि पूर्वी पिवळं-केशरी कार्डवालेच बसायचे ते आता पांढरं कार्डवालेही बसतात. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलमध्ये 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसलेला असतो, दाखल व्हायच्या आधी पहिलं त्याला गाठायचं. हेल्पलाइन १५५३८८.

फोन करून नुसतं "तुमच्याकडे योजना आहे का" असं विचारू नका. एखादं हॉस्पिटल हाडांसाठी योजनेत असतं आणि हृदयासाठी नसतं. विचारायचं असं: "अँजिओप्लास्टी योजनेतून तुमच्याकडे होते का, आणि आरोग्यमित्र किती वाजेपर्यंत असतो?" घरापासून अर्ध्या तासातली तीन हॉस्पिटलं अशी विचारून कागदावर लिहून ठेवा. आमच्या फ्रिजवर हा कागद चिकटवलेला आहे, शेजारचे काकासुद्धा फोटो काढून घेऊन गेले.

धर्मादाय हॉस्पिटलमधल्या राखीव खाटा

मुंबईतली कितीतरी मोठ्या नावाची हॉस्पिटलं, म्हणजे जसलोक, लीलावती, हिंदुजा, बॉम्बे हॉस्पिटल वगैरे, ट्रस्टची आहेत, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ४१ एए आणि मुंबई हायकोर्टाने मंजूर केलेली २००६ ची योजना, यानुसार अशा हॉस्पिटलला १० टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. बिलाच्या रकमेतले २ टक्के वेगळ्या निर्धन रुग्ण निधीत टाकायचे असतात, खर्च त्यातूनच होतो. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला कुटुंबाची १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर मोफत आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर निम्मं.

कागद लागतो तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड. हा दाखला आजारपणात काढायला जाऊ नका, पेशंट आयसीयूत आणि तुम्ही सेतूच्या रांगेत असं होतं. 'आपले सरकार' वर अर्ज करून आधीच काढून ठेवा आणि मुदत संपली की परत काढा.

हॉस्पिटलमध्ये गेल्यावर रिसेप्शनवर वाद घालण्यात वेळ घालवू नका, थेट समाजसेवा विभाग विचारा, तिथल्या मेडिकल सोशल वर्करच्या हातात हे काम असतं. "खाट नाही" म्हणाले तर लेखी मागा. माझ्या मावशीच्या वेळी एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये आम्हाला तीनदा खाट नाही सांगितलं, चौथ्यांदा भावाने धर्मादाय आयुक्तांच्या वरळीच्या ऑफिसला अर्ज टाकला आणि त्याची पोच दाखवली, तेव्हा संध्याकाळी खाट मिळाली. इमर्जन्सीत तर डिपॉझिटसाठी अडवायचं नसतं, आधी दाखल करून पेशंटला स्थिर करायचं असतं, हे ठामपणे बोला, आवाज न चढवता.

महिन्याची औषधं, इथे खरा खिसा फाटतो

ऑपरेशनसाठी माणसं उसने देतात, मंडळ मदत करतं, ऑफिसातले गोळा करतात. दर महिन्याच्या गोळ्यांसाठी कोण देणार? आणि म्हातारी माणसं काटकसर करतात ती इथेच, अर्धी गोळी, एक दिवसाआड गोळी, "आता बरं वाटतंय" म्हणून बंद. म्हणून हे काम मी सगळ्यात महत्त्वाचं मानते.

एखाद्या रविवारी घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स एका पिशवीत भरा, ट्रंकेत, देव्हाऱ्याखाली, उशाशी, जिथे जिथे असतील तिथून. वहीत तीन रकाने करा: ब्रँडचं नाव, त्याखाली बारीक अक्षरात असलेलं औषधाचं मूळ नाव, आणि कोणत्या डॉक्टरने कधी दिलं. आमच्याकडे काय निघालं सांगते, हार्टच्या डॉक्टरांनी एका ब्रँडचं टेल्मिसार्टन हे बीपीचं औषध दिलेलं, फॅमिली डॉक्टरांनी दुसऱ्या ब्रँडचं, अण्णा आधी काही महिने दोन्ही घेत होते, मग चक्कर येते म्हणून स्वतःच्या मनाने अर्धी करायला लागले. म्हणजे दोष फक्त पैशाचाही नव्हता. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या तर चार डॉक्टरांच्या चार निघाल्या.

ती पिशवी आणि वही घेऊन एकाच डॉक्टरकडे जा, शक्यतो जुन्या फॅमिली डॉक्टरकडे, आणि सरळ विचारा, "यातलं काय बंद करता येईल आणि काय जेनेरिक चालेल?" डॉक्टरला पैशाचं बोलायला आपल्याला लाज वाटते, मलाही वाटायची, पण बहुतेक डॉक्टर नीट ऐकून घेतात. त्यांना आपण सांगितल्याशिवाय कळणार कसं?

मग जनऔषधी केंद्र. मुंबईत बऱ्याच वस्त्यांमध्ये आता आहेत, 'जनऔषधी सुगम' अ‍ॅपवर जवळचं केंद्र आणि औषधाची किंमत दोन्ही दिसतं. ब्रँडेडपेक्षा ५० ते ९० टक्के स्वस्त असतात. आईचं महिन्याचं बिल साडेतीन हजारांच्या आसपास जायचं ते बाराशेवर आलं, यात बंद झालेल्या गोळ्या पण धरा. आई आधी तयारच नव्हती, "स्वस्तातली गोळी लागू पडेल का गं बाय?" तिचा जीव अडकलेला. मी तिला एवढंच म्हटलं की महिनाभर घे, मग दवाखान्यात बीपी मोजू. मोजलं, व्यवस्थित होतं, तेव्हापासून स्वतःच पिशवी घेऊन जाते.

मात्र थायरॉइड, फिट्स आणि रक्त पातळ करायची औषधं, यांचा ब्रँड स्वतःच्या मनाने कधी बदलू नका, त्यात छोटा फरकही महागात पडतो. डॉक्टरांना विचारून, नंतर रक्त तपासून, मगच.

तपासण्यांसाठी महापालिकेचा 'आपला दवाखाना' वापरा, २०२२ पासून सुरू आहेत, साध्या रक्ततपासण्या तिथे मोफत होतात. शुगर, किडनीचं क्रिएटिनिन असल्या दर तीन महिन्यांच्या गोष्टींना लॅबचं 'फुल बॉडी पॅकेज' कशाला हवं? डॉक्टरांनी लिहिलंय तेवढंच करा.

आणि केईएम, सायन, नायर, कूपर यांना कमी लेखू नका. रांग असते, गर्दी असते, म्हाताऱ्या माणसाला तासन्‌तास बाकावर बसवणं जीवावर येतं हे खरंय. पण तिथला सीनिअर डॉक्टर दिवसाला जेवढे पेशंट बघतो तेवढा अनुभव पैसे देऊन मिळत नाही. आम्ही असं करतो की सकाळी भाऊ लवकर जाऊन केसपेपर काढतो, नंबर जवळ आला की फोन करतो आणि मग मी आईला टॅक्सीने घेऊन जाते. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं असेल, ऑपरेशन खरंच लागतंय का विचारायचं असेल, तर सरकारी हॉस्पिटलसारखी जागा नाही.

मेडिक्लेम असेल तर पॉलिसी उघडून वाचा

१ एप्रिल २०२४ पासून पॉलिसी घ्यायला ६५ ची वयोमर्यादा राहिलेली नाही, आणि जुन्या आजारासाठी थांबायचा काळ जास्तीत जास्त तीन वर्षं केलाय. जानेवारी २०२५ मध्ये इर्डाने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, सांगितलं की ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर कंपनीने आधी इर्डाशी बोलायचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. तुमचा हप्ता भरायची वेळ आली की हे सगळं पडताळून बघा. आणि प्रीमियम परवडत नाही म्हणून जुनी पॉलिसी सोडायच्या आधी को-पे (बिलाचा ठरलेला हिस्सा आपण भरायचा) घेऊन किंवा कव्हर कमी करून चालू ठेवता येते का ते विचारा, सोडलेली पॉलिसी त्या वयात परत मिळवणं फार कठीण जातं.

रूमच्या भाड्याची मर्यादा हा सगळ्यात मोठा खड्डा. समजा ५ लाखांची पॉलिसी आहे आणि रूमला १ टक्का, म्हणजे दिवसाला ५ हजार. तुम्ही "आईला शांत झोप मिळू दे" म्हणून १० हजारांची रूम घेतली, चार दिवस. रूमचे वरचे २० हजार तुमचे हे तर कळतं. पण सर्जनची फी, ओटी चार्जेस, भूल, व्हिजिट्स हे मिळून १ लाख ६० हजार झाले असतील तर, रूमचं भाडं मर्यादेच्या दुप्पट म्हणून, कंपनी तेही निम्मेच देऊ शकते, म्हणजे ८० हजार आणखी तुमच्याकडून. एका रूमच्या हट्टापायी लाख रुपये गेले. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही निम्मी कात्री लावता येत नाही, लावली असेल तर भांडा. मर्यादा माहीत असेल तर दाखल होतानाच सांगायचं, "आमच्या पॉलिसीत बसेल तीच रूम द्या." मर्यादेतली रूम रिकामी नाही म्हणाले तर तसं लेखी घ्या.

दाखल झाल्यावर

एकाच माणसाने पैशाचं बघायचं आणि दुसऱ्याने डॉक्टरांशी बोलायचं, दोन्ही एकाकडे दिलं की दोन्ही बिघडतं. रोज संध्याकाळी बिलिंग काउंटरवर जाऊन त्या दिवसापर्यंतचं बिल मागा, डिस्चार्जच्या दिवशी वीस पानं हातात आल्यावर काही कळत नाही. न दिलेली इंजेक्शनं, न आलेल्या डॉक्टरच्या व्हिजिट, असं आम्हाला दोनदा सापडलं, दाखवल्यावर काढून टाकलं. उरलेली औषधं परत करा, पैसे वजा होतात.

औषधं हॉस्पिटलच्याच दुकानातून घ्या अशी सक्ती करता येत नाही, राज्याच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) तसा बोर्ड लावायलाही सांगितलेलं आहे. स्टेंट आणि गुडघ्याचा सांधा यांच्या किमतींवर २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे, बिलात स्टेंटचं नाव, बॅच आणि किंमत वेगळी दाखवावीच लागते. स्टेंटच्या पाकिटावरचं स्टिकर मागून घ्या.

कॅशलेसची मंजुरी कंपनीने तासाभरात द्यायची आणि डिस्चार्जचं शेवटचं उत्तर तीन तासांत, हा २०२४ चा नियम आहे. हॉस्पिटलमधल्या विम्याच्या (टीपीए) डेस्कवर हे शांतपणे बोलून दाखवा. क्लेम नाकारला किंवा कापला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिन्याभरात दाद नाही लागली तर विमा लोकपाल, ऑफिस सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर आहे, वकील लागत नाही, फी नाही.

पैसे कमीच पडत असतील तर मुख्यमंत्री सहायता निधी आणि सिद्धिविनायक मंदिर न्यासाची वैद्यकीय मदत, दोन्हीकडे अर्ज करता येतो. डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचं खर्चाचं अंदाजपत्रक आणि उत्पन्नाचा दाखला लागतो, म्हणून दाखल झाल्या झाल्याच ते अंदाजपत्रक मागून ठेवा.

घरी आणल्यावरचा खर्च आणि अवघड बोलणं

डिस्चार्जनंतरचा खर्च कोणी धरतच नाही. सांभाळायला बाई, फिजिओ, डायपर, वॉकर, मागेपुढे होणारा पलंग. पलंग-व्हीलचेअर विकत घेऊ नका, मुंबईत कितीतरी मंडळं आणि संस्था रुग्णसाहित्य थोड्या डिपॉझिटवर देतात, आपल्या विभागात चौकशी करा. लालबागचा राजा मंडळाचं तर डायलिसिस सेंटर आहे. ६५ च्या पुढे वय आणि कुटुंबाचं उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशा गोष्टींसाठी एकदा ३ हजार रुपये खात्यात येतात. आणि मोरीत पकडायला दांडी लावून घ्या, अण्णा पडले तेव्हा खुब्याचं हाड वाचलं हे आमचं नशीब.

आता अवघड बोलणं. एक दिवस आईनेच विषय काढला, "मला नळ्या लावून ठेवू नका." मी आधी तिला गप्प केलं, मग रात्रभर झोप नाही लागली. सकाळी बसून नीट विचारलं तिला काय हवंय. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये अशी इच्छा लिहून ठेवायला मान्यता दिलीये आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केलीये, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. आईने केलंय, अण्णांना अजून नकोय, त्यांच्यावर मी जोर करत नाही. आयसीयूत डॉक्टर निर्णय विचारतात तेव्हा भावंडं एकमेकांकडे बघत बसतात आणि दिवसागणिक बिल वाढत जातं, त्या वेळी आईचे स्वतःचे शब्द कागदावर असतील. कॅन्सर शेवटच्या टप्प्यात असेल तर वांद्र्याचं शांती अवेदना सदन आहे, १९८६ पासून, तिथे पेशंटला मोफत ठेवून घेतात.

एक टॅक्सचं राहिलं. जुन्या टॅक्स पद्धतीत असाल आणि आई-वडिलांचा मेडिक्लेम नसेल तर त्यांच्या औषधोपचाराचा ५० हजारांपर्यंतचा खर्च टॅक्सच्या वजावटीत दाखवता येतो, फक्त रोख दिलेला चालत नाही. म्हणून केमिस्टला यूपीआयने द्या आणि बिलं फाइलमध्ये लावा.

फाइल म्हणजे साधी प्लॅस्टिकची, वर मोठ्या अक्षरात नाव. आधार, रेशनकार्ड, वय वंदना कार्ड, उत्पन्नाचा दाखला, पॉलिसीची कॉपी, औषधांची वही, शेवटचा ईसीजी, रक्तगट, अ‍ॅलर्जी. आमची दाराजवळच्या खिळ्याला लटकवलेली आहे, कारण रात्री दोन वाजता कपाटाची चावी सापडत नाही. खाली १०८ आणि शेजारच्या काकांचा नंबर. या रविवारी गोळ्यांची पिशवी आणि आधारचा मोबाइल नंबर एवढं तरी बघून घ्या, दाखल्याचा अर्ज सोमवारी.